मधले अकरा आकडे

एडन केलेमेनच्या बायकोला गणित येत नव्हतं, आकडेमोड येत होती. हा फरक तो चारचौघांत सांगायचा, आणि तोही तिच्या देखत. शारोल्ता लग्नाआधी माको गावच्या कांद्याच्या वखारीत कामाला होती. ती आणि तिची धाकटी बहीण योलान, दोघी काट्याजवळ बसून गाड्यांची वजनं मांडायच्या. पाच-पाच आकडी बेरजा त्या गप्पा मारता मारता करायच्या. केलेमेन मुलांच्या शाळेत गणित शिकवायचा. त्यानं शारोल्ताला पहिल्यांदा पाहिलं ते काट्यावर, आणि मनात म्हणाला, ही बाई इथं वाया चालली आहे.

लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल झालं नाही, तेव्हा त्यानं तिला एक संख्या आणून दिली.

संख्या सदतीस आकड्यांची होती. एका परदेशी मासिकात यादी छापून आली होती, मूळ आहेत की संयुक्त हे कुणालाच ठरवता न आलेल्या संख्यांची. त्यातली ही सातवी. लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी केलेमेननं ती स्वतः भागून पाहिली होती. एकानंही भाग गेला नव्हता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की ही मूळच आहे, हिला कुणीच फोडू शकणार नाही, आणि हे जगाला सांगणारा माणूस माकोचा असणार.

सगळे भाजक तपासायला माणसाचे हजार जन्म पुरले नसते. पण दुसरी एक वाट होती. तीन हा आकडा घ्यायचा. त्याचा वर्ग करायचा, त्या मोठ्या संख्येनं भागायचं, बाकी ठेवायची, बाकीचा पुन्हा वर्ग करायचा, ठरलेल्या जागी मध्येच तीननं गुणायचं. असं एकशेएकवीस वेळा. संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी एक उरते, उरलीच पाहिजे. दुसरं काही उरलं तर संख्या संयुक्त, मग तिचे भाजक कुणी पाहिलेले असोत वा नसोत. पहिल्या पाच पायऱ्यांना भागाकार लागतच नाही, आकडे लहान असतात. सहाव्या पायरीपासून खरं दळण सुरू होतं.

केलेमेननं शाळेतलं जुनं हातानं फिरवायचं यंत्र घरी आणलं. एका पुठ्ठ्यावर ती संख्या सुबक अक्षरात लिहिली, तिच्याखाली तिचा नऊपर्यंतचा पाढा मांडला, आणि पुठ्ठा यंत्राच्या पाठीला दोन खिळ्यांनी ठोकला. शारोल्तानं दांडा फिरवायचा, पुठ्ठ्यावरच्या पाढ्यातून वजाबाक्या करत जायच्या, आणि कागदावर फक्त वर्ग आणि बाकी उतरवायची. इतकं सोपं.

पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं की मासिकातला आकडा तुम्ही मोठ्यानं वाचता का, म्हणजे मी पुठ्ठ्यावर बोट ठेवून जुळवून घेते. वखारीत तशीच रीत होती. एकीनं वाचायचं, दुसरीनं बोट ठेवायचं, त्याशिवाय उतरवलेल्या कागदाला कुणी हात लावायचं नाही.

"नवाचा पडताळा घेतलाय मी," केलेमेन म्हणाला. "सगळ्या आकड्यांची बेरीज करून नऊ वजा करत गेलो, दोन्हीकडे सारखं आलं. कांदे नाहीत हे मोजायला. वखारीतल्या रीती इथं आणू नकोस."

तिनं दांडा हातात घेतला.

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ते चाललं. रोज दुपारी जेवणाची भांडी आवरली की ती बसायची. एका पायरीला कधी एक दुपार लागायची, कधी दीड. प्रत्येक ओळीला नवाचा आणि अकराचा पडताळा घेतल्याशिवाय पुढे जायची नाही. केलेमेन शाळेतून आला की कोट न काढता आधी कागद बघायचा आणि 'हं' म्हणायचा. शिक्षकांच्या खोलीत त्यानं सांगूनही टाकलं होतं की उन्हाळ्यापर्यंत बातमी येईल. लॅटिनचा गेन्ची तेव्हापासून पाव कापताना म्हणायचा, "जरा थांबा, हा मूळ आहे का ते केलेमेनला विचारू या, नाहीतर सुरी मोडायची."

एप्रिलात शेवटची बाकी आली. ती एक नव्हती. छत्तीस आकड्यांचं काहीतरी लांबलचक होतं.

आता या कामातली एक गोष्ट अशी आहे की एक ही बाकी चुकून येत नाही. एकशेएकवीस पायऱ्या चढून नेमकं एकावर पाय पडला, तर वाट बरोबर होती हे तो एकच सांगतो, त्याला साक्षीदार लागत नाही. पण एक सोडून काही आलं, तर ते संख्येमुळे आलं की कुठं दांडा एकदा जास्त फिरल्यामुळे, हे त्या बाकीच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. दोन्ही सारखीच दिसतात.

केलेमेननं कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "कुठं चुकलीस?"

शारोल्ता म्हणाली की मला नाही वाटत मी चुकले.

"तुला वाटण्याचा प्रश्न नाही. पुन्हा कर."

तेव्हा तिला खोकला सुरू झालेला होता. डॉक्टरनं उन्हात बसायला सांगितलं होतं आणि दूध-लोणी खायला. ती मे महिन्यात पुन्हा यंत्राशी बसली. पहिल्या वेळचे सगळे कागद केलेमेननं कपाटात कुलूप लावून ठेवले, बघून लिहिलं असं होऊ नये म्हणून. किल्ली तो कोटाच्या खिशात ठेवायचा. दुपारी घरावरून जाणाऱ्या बायकांना आधी यंत्राची खरखर ऐकू यायची, मग खोकला, मग परत खरखर. योलान रविवारी कोंबडीचं सूप घेऊन यायची आणि म्हणायची, ताई, पुरे ना आता, त्या आकड्याला काय घाई आहे, तो काय म्हातारा होणार आहे? शारोल्ता हसायची आणि सांगायची की अर्ध्यावर आलंय.

सप्टेंबरात एकदा तिनं आपण होऊन विषय काढला. केलेमेन खसखशीच्या शेवया खात होता.

"अहो, समजा परत तेच आलं तर?"

"तेच येणार नाही."

"पण आलं तर माझं बरोबर होतं असं म्हणाल ना?"

"आधी येऊ दे," तो म्हणाला आणि साखर मागितली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची ओळ झाली. कपाट उघडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. छत्तीसच्या छत्तीस आकडे तेच. शारोल्ता खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. केलेमेन म्हणाला, "म्हणजे संयुक्त." त्याच्या आवाजात असं काही होतं की जणू ते तिनंच केलंय. तिचं बरोबर होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणायचं राहून गेलं, कारण जानेवारीच्या अठरा तारखेला ती गेली.

दफनाच्या दिवशी जमीन इतकी गोठली होती की खणणाऱ्यांनी आधी शेकोटी पेटवून ती मऊ केली. केलेमेन तीन आठवडे शाळेत गेला नाही. घरात तिचा एप्रन दाराच्या मागं तसाच होता आणि तो काढायचं त्याला सुचत नव्हतं. जेवायला तो उभ्यानंच पावाला चरबी आणि तिखट लावून खायचा. मग एक दिवस बसून त्यानं पेश्तच्या गणिताच्या मासिकाला टिपण पाठवलं, की यादीतली सातवी संख्या संयुक्त आहे, गणित दोनदा करून पाहिलं आहे, दोन्ही वेळची शेवटची बाकी अशी अशी. खाली त्याचं नाव. मेमध्ये ते छापून आलं. संख्येचा एकही भाजक माहीत नाही आणि तरी ती फुटते हे नक्की, याचं लोकांना नवल वाटलं. सेगेद शहरातल्या गणितमंडळानं त्याला पुढच्या वर्षी व्याख्यानाला बोलावलं. गेन्चीनंसुद्धा हात मिळवला.

ऑक्टोबरात त्याच मासिकात सेगेदच्या विद्यापीठातल्या तारनोत्सी नावाच्या तरुणाचं टिपण आलं. तीच सातवी संख्या. शेवटची बाकी एक. त्यापुढचा पुरावाही त्यानं जोडला होता. संख्या मूळ होती.

तारनोत्सी सभ्य माणूस होता. छापून यायच्या आधी तो स्वतः माकोला आला होता, टोपी हातात धरून. म्हणाला, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या लांबच्या आकडेमोडीत एखादा आकडा घसरतोच. पण दोनदा तीच चूक कशी झाली, तेवढं मला कळेना. दोनदा चुकला असतात तर दोन निराळी उत्तरं यायला हवी होती."

केलेमेनलाही ते कळत नव्हतं, आणि समोर हा पोरगा उत्तराची वाट बघत उभा होता.

"आकडेमोड माझ्या बायकोनं केली होती," तो म्हणाला. "आजारी होती. दुसऱ्या वेळी तिनं बहुतेक पहिल्यावरून उतरवून काढलं."

"अरेरे," तारनोत्सी म्हणाला. "मग बरोबर आहे."

एकदा तोंडातून गेलं की ते खरं वाटायला लागतं. किल्ली कोटात होती, पण माणूस झोपला की कोट खुंटीवरच असतो, असं केलेमेन स्वतःला सांगू लागला. त्यानं मासिकाला चार ओळी धाडल्या: माझी दिवंगत पत्नी, जिच्यावर आकडेमोडीचं काम सोपवलं होतं, ती आजारपणामुळे ते नीट पार पाडू शकली नाही, दुसरी फेरी स्वतंत्र नव्हती असं दिसतं, वाचकांची क्षमा असावी. त्या छापून आल्या. सेगेदचं व्याख्यान रद्द झालं नाही, उलट मंडळाच्या चिटणीसानं सांत्वनाचं पत्र लिहिलं. गेन्चीनं पावावरचे विनोद बंद केले. माकोत मात्र गोष्ट वेगळ्या पायांनी चालली. मास्तरची बायको वर्षभर नुसता दांडा फिरवत बसायची, उतरवून काढायची आणि नवऱ्याला फसवायची, असं बाजारात बायका बोलू लागल्या. वखारीत योलानला कुणी म्हणालं की तुमच्या घरातल्या वजनांचं पण असंच असायचं का गं? योलाननं त्या बाईच्या अंगावर टोपली फेकली.

नोव्हेंबरात एका रविवारी केलेमेन तिचे कागद घेऊन बसला. चूक नेमकी कुठं झाली ते त्याला बघायचं होतं. त्यानं त्या परदेशी मासिकातली संख्या समोर ठेवली आणि पहिल्यापासून स्वतः करायला घेतलं. पाच पायऱ्या जुळल्या. सहाव्या पायरीला, पहिल्याच भागाकाराला, बाकी वेगळी आली.

त्यानं दोन्ही बाक्या एकीखाली एक लिहिल्या. सुरुवातीचे नऊ आकडे तेच होते. शेवटचे सतरा आकडे तेच होते. मधले अकरा निराळे होते. नवाचा पडताळा दोन्हींचा सारखा येत होता.

दुसऱ्या कुणाला यातून काही दिसलं नसतं. केलेमेन वीस वर्षं गणित शिकवत होता. भागाकारात हात घसरला तर बाकी अशी चुकत नाही. अशी ती चुकते तेव्हा भागाकार बरोबर असतो आणि भागणारी संख्याच निराळी असते. शेवटून सतरा आकडे सोडून, अठराव्या-एकोणिसाव्या जागी. आणि फरक नवाच्या पटीत, म्हणजे दोन शेजारच्या आकड्यांची अदलाबदल. आकडे जागा बदलोत, त्यांची बेरीज तीच राहते. नवाच्या पडताळ्याला ते कधीच दिसत नाही.

तो उठला, यंत्र वळवलं आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवून मासिकातली संख्या मोठ्यानं वाचत गेला. एकटाच. मासिकात बहात्तर होतं. पुठ्ठ्यावर सत्तावीस होतं. त्याचं स्वतःचं अक्षर, साताच्या पोटावर आडवी रेघ.

म्हणजे शारोल्ता कुठंच चुकली नव्हती. एकशेएकवीस पायऱ्या, दोनदा, एक आकडाही नाही. तिनं जी संख्या फोडून दाखवली ती खरोखरच संयुक्त होती. फक्त ती जगात कुणी विचारली नव्हती, आणि कुणी विचारणार नव्हतं.

तो पुठ्ठ्यासमोर बसून राहिला. चर्चची घंटा झाली, लोक दारावरून गेले. मग त्यानं कागद घेतला आणि पेश्तच्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. 'चूक माझी होती' एवढं लिहून झालं. पुढे लिहायचं तर हेही आलं असतं की तिनं जुळवून घेऊ या म्हटलं होतं. की पहिल्यांदा केलं तेच बरोबर होतं आणि दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती. की मेपासून डिसेंबरपर्यंत ती उन्हात बसू शकली असती. हे संपादकांना कशाला हवं होतं? पण त्याशिवाय वाक्य पुढे जाईना.

तो पुठ्ठ्याचे खिळे उपटत होता तेव्हा त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की तो काय करणार आहे. मग त्यानं शेगडीचं दार उघडलं. पुठ्ठा जाड होता, आधी नुसता धुमसला. अर्धं लिहिलेलं पत्र वर टाकल्यावर पेटला.

पुढच्याच शनिवारी दुपारी योलान आली. काळ्या कपड्यांत, हातात कांद्याची माळ. माळ तिनं खुंटीला लावली आणि बसायच्या आधीच म्हणाली की ताईचे कागद मला हवेत.

केलेमेननं विचारलं, कशाला.

"बघायचेत," ती म्हणाली. "भावजी, ती उतरवून काढणारी नव्हती. आम्ही दोघी सहा वर्षं एका काट्यावर बसलोय. ती दुसऱ्याच्या पाटीवर बघत नसे, माझ्यासुद्धा. चुकली असेल, माणूस चुकतं. पण कुठंतरी शंभराव्या पायरीला वगैरे चुकली असेल, अगदी शेवटी, अंगात ताप असताना. तेवढं मला दाखवता आलं तरी मी वखारीत उभी राहून सांगेन."

नाही म्हणायला कारण नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ती तारनोत्सीला घेऊन कागद मागायला आली असती, आणि त्याला पाच मिनिटांत कळलं असतं. केलेमेननं कागद काढून दिले, मासिकही दिलं. पायऱ्या कशा करायच्या ते तिला शारोल्तानं केव्हाच शिकवलं होतं. तिनं यंत्र ओढलं, पाठीवरच्या दोन भोकांकडे बघितलं आणि विचारलं की इथं काय होतं?

"पाढा लावला होता. फाटला."

तिनं नवा पाढा मांडला. मासिकातून आकडे उतरवताना तिनं त्याला मोठ्यानं वाचायला लावलं आणि स्वतः बोट ठेवून जुळवलं. त्यानं वाचलं. बहात्तरपाशी त्याचा आवाज जरासुद्धा अडला नाही, आणि याचं त्याला नंतरही नवल वाटत राहिलं.

ती वेगानं करायची. बहिणीसारखाच हात, दांडा परत आणताना मनगट तसंच वळायचं. केलेमेन खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघत होता. पाच ओळी जुळल्या तेव्हा ती पुटपुटली, "बघा." सहाव्या ओळीला बराच वेळ लागला. मग दांडा थांबला. तिनं ती ओळ परत केली. परत तेच आलं.

"भावजी, इकडे या."

तो गेला.

"पहिलाच भागाकार," योलान म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तेव्हा तर तिला खोकलाही नव्हता."

केलेमेननं वाकून ओळीकडे बघितलं.

"पण हे कसलं चुकणं आहे हो?" तिनं पेन्सिल टेकवली. "सुरुवात बरोबर. शेवट बरोबर. मधलेच अकरा गेलेत. आणि नवाचा पडताळा जुळतोय. एखादा आकडा घसरला तर एक जाईल, दोन जातील. मधूनच अकरा कसे जातील? तुम्ही मास्तर आहात. तुम्ही सांगा."

पेन्सिल अगदी त्या जागी होती. तिनं स्वतःला आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती आपणहून तिथं पोचली असती, हे त्याला दिसत होतं. ती स्वतःला विचारत नव्हती, कारण समोर विचारायला माणूस होता.

"मन नसलं की होतं असं," तो म्हणाला. "तिला हे काम पहिल्यापासून नकोच होतं. सुरुवात नीट करायची, शेवट नीट करायची, कारण मी तेवढंच बघायचो. मधलं भरून टाकायची."

योलाननं पेन्सिल खाली ठेवली.

"भरून टाकायची," ती म्हणाली.

"हो."

"पडताळा जुळेल असं."

"हुशार होती ती," केलेमेन म्हणाला.

योलान दोन्ही ओळींकडे बघत राहिली. चेहरा लाल झाला, मग उतरला. तिनं बहिणीचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या, टेबलावर दोनदा आपटून सरळ केले आणि त्याच्याकडे सरकवले. आता ते तिला नको होते.

"मी त्या बाईच्या अंगावर टोपली फेकली," ती म्हणाली. "तिची माफी मागायला पाहिजे. आणि तुमची पण. मी मनात तुम्हाला काय काय बोललेय, भावजी, तुम्हाला ठाऊक नाही. वाटायचं, यानं माझ्या बहिणीला मारलं आणि वर तिचं नाव घालवलं. तुम्ही तर झाकत होतात. नुसतं उतरवून काढलं म्हणालात. हे कुणाला बोलला नाहीत."

"गेलेल्या माणसाचं काय बोलायचं."

"माझ्या आईबापांच्या वतीनं क्षमा करा," योलान म्हणाली. हे म्हणताना ती उभी राहिली, वखारीत मालकापुढे राहतात तशी.

आता सांगितलं तर सांगता येईल, असं त्याला एकदा वाटलं. त्यानं पाण्याचा घोट घेतला.

"केली," तो म्हणाला.

ती डोळे पुसून ओट्याकडे वळली. त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही हे तिला तिथल्या भांड्यांवरून कळलं होतं. तिनं आणलेल्या माळेतले दोन कांदे तोडले, दाराच्या मागचा शारोल्ताचा एप्रन काढून कमरेला बांधला, आणि सुरी शोधू लागली. तो एप्रन दहा महिने कुणी हलवला नव्हता.

"वखारीत कुणी काही बोललं," पाठमोरी ती म्हणाली, "तर आता मी गप्प बसेन."

"गप्पच बस," केलेमेन म्हणाला आणि खुर्ची ओढून जेवायला बसला.